कॉर्डोबाचे ज्ञाननिष्ठ काझी

स्पेन देशाच्या दक्षिण भागात ग्वादल्क्विव्हिर नदीच्या तीरावर कॉर्डोबा हे पुरातन नगर वसले आहे. इसवी सनाच्या दहाव्या शतकात या नगराच्या तोडीचे दुसरे नगर युरोप खंडात क्वचितच असेल. मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती अशा तीन धर्मांचे लोक तेथे राहत असत. आठशेहून अधिक स्तंभांनी तोललेली तेथील भव्य मशीद पाहून प्रवासी थक्क होत. खलिफा दुसरा हकम याच्या ग्रंथालयात चार लक्ष ग्रंथ होते, असे जुने इतिहासकार लिहून गेले आहेत. पुढे ते राज्य मोडले, सत्ताधीश बदलले. परंतु कॉर्डोबाची विद्येची आवड मात्र कमी झाली नाही. याच नगरात इ. स. ११२६ मध्ये अबुल वलीद मुहम्मद इब्न अहमद इब्न रुश्द यांचा जन्म झाला.

इब्न रुश्द यांचे घराणे न्यायदानासाठी नावाजलेले होते. आजोबा कॉर्डोबाचे मुख्य काझी, म्हणजे मुख्य न्यायाधीश होते, आणि मोठ्या मशिदीचे इमामपदही त्यांच्याकडे होते. नातवाचा जन्म झाला त्याच वर्षी आजोबांनी इहलोकीची यात्रा संपविली. वडीलही काझीच होते. अशा घरात कुराणाचे पठन, पैगंबरांच्या वचनांचा अभ्यास आणि धर्मशास्त्रातील वादप्रतिवाद लहानपणापासून मुलाच्या कानी पडले, यात नवल ते काय? धर्मशास्त्राच्या जोडीला त्यांनी वैद्यक, गणित, ज्योतिष आणि ग्रीक तत्त्वज्ञान यांचाही कसून अभ्यास केला. त्यांचा व्यासंग असा विलक्षण होता की, साऱ्या आयुष्यात दोनच रात्री त्यांनी वाचनावाचून घालविल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एक रात्र वडिलांच्या मृत्यूची आणि दुसरी स्वतःच्या विवाहाची.

ग्रंथ वाचावा, पण डोळे मिटून वाचू नये, हा त्यांचा स्वभाव तरुणपणीच दिसून आला. इ. स. ११५३ च्या सुमारास ते समुद्रापलीकडे मोरोक्को देशातील मराकेश नगरीत होते. तेथे रात्री आकाशाचे निरीक्षण करीत असता दक्षिण क्षितिजाजवळ त्यांना एक तेजस्वी तारा दिसला. अरब लोक त्याला सुहैल म्हणतात; आपण ज्याला अगस्त्य म्हणतो तोच हा तारा. कॉर्डोबाच्या आकाशात तो दिसत नसे. दक्षिणेकडे थोडा प्रवास करताच नवा तारा क्षितिजावर येतो, त्या अर्थी पृथ्वी सपाट नसून गोल असली पाहिजे, हे अनुमान ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने पूर्वीच मांडले होते. इब्न रुश्द यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहिले.

त्या काळी दक्षिण स्पेन आणि मोरोक्को या दोन्ही प्रदेशांवर अल्मोहाद घराण्याचे राज्य होते. खलिफा अबू याकूब युसूफ विद्येचे मोठे भोक्ते होते. त्यांचे राजवैद्य इब्न तुफैल हे स्वतः नामांकित तत्त्वज्ञ. इ. स. ११६९ च्या सुमारास त्यांनी इब्न रुश्द यांना खलिफांच्या भेटीस नेले. खलिफांनी कुलशील विचारले आणि लगेच एक अवघड प्रश्न टाकला. हे आकाश अनादी आहे, की केव्हा तरी निर्माण झाले, याविषयी तत्त्वज्ञांचे मत काय आहे? प्रश्न ऐकून इब्न रुश्द मनात चरकले. अनादी म्हणावे तर धर्मद्रोहाचा आरोप येण्याचे भय. आपण तत्त्वज्ञान शिकलोच नाही, असे सांगून त्यांनी वेळ मारून नेली. तेव्हा खलिफा इब्न तुफैल यांच्याकडे वळून त्याच विषयावर बोलू लागले. ग्रीक तत्त्वज्ञांची मते आणि त्यांवरील धर्मपंडितांचे आक्षेप त्यांना मुखोद्गत असल्याचे पाहून इब्न रुश्द यांची भीती मावळली, आणि मग त्यांची वाणीही मोकळी झाली. निरोप घेताना त्यांना द्रव्य, मानाचा पोशाख आणि बसावयास वाहन मिळाले.

पुढे इब्न तुफैल यांनी त्यांच्यावर मोठी कामगिरी सोपविली. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांची अरबी भाषांतरे दुर्बोध आहेत, अशी खलिफांची तक्रार होती. ती सुगम करून सांगण्याचे काम इब्न रुश्द यांनी अंगावर घेतले आणि जवळजवळ जन्मभर चालविले. त्याच सुमारास ते सेव्हिल नगराचे काझी झाले. ग्रंथ सारे कॉर्डोबाच्या घरी आणि आपण सेव्हिलला, याची हळहळ त्यांनी आपल्या एका टीकाग्रंथात नोंदवून ठेवली आहे. दोन वर्षांनी त्यांची कॉर्डोबास नेमणूक झाली. दिवसा न्यायासनावर बसून भांडणे मिटवावीत आणि रात्री दिव्यापाशी बसून ग्रंथ लिहावेत, असा त्यांचा क्रम होता. वैद्यकावरील त्यांचा ‘कुल्लियात’ हा ग्रंथही प्रसिद्धीस आला, आणि इ. स. ११८२ मध्ये ते खलिफांचे राजवैद्य झाले.

न्यायाधीश या नात्याने त्यांनी लिहिलेला ‘बिदायत-उल्-मुज्तहिद’ हा ग्रंथ आजही धर्मशास्त्राचे अभ्यासक आदराने वाचतात. एकाच प्रश्नावर थोर थोर आचार्यांची मते निरनिराळी का पडली, याचे कारण शोधणे हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य आहे. एक लहानसे उदाहरण पाहू. नमाजापूर्वी हातपाय व तोंड शुद्ध करण्याचा आदेश कुराणात आहे. त्या वाक्यातील पाय या शब्दाचा उच्चार दोन प्रकारे करता येतो. एका उच्चाराने पाय धुवावेत असा अर्थ निघतो, तर दुसऱ्याने ते ओल्या हाताने पुसावेत असा. म्हणजे येथे मतभेदाचे मूळ कोणाच्या अश्रद्धेत नव्हते. ते भाषेच्या स्वरूपातच होते. हे एकदा ध्यानी आले की, आपल्याहून निराळे मत असणाऱ्याला पाखंडी म्हणण्याची घाई मनुष्य करीत नाही.

परंतु याहून मोठा वाद त्या काळी पेटलेला होता. ईश्वराने दिलेला ग्रंथ हाती असताना मनुष्याने स्वतःच्या बुद्धीने सत्य शोधावे काय? सुमारे शंभर वर्षांपूर्वी अल्-गझाली या थोर धर्मपंडितांनी तत्त्वज्ञांच्या मतांवर प्रखर टीका करणारा एक ग्रंथ लिहिला होता. जग अनादी आहे, ईश्वराला एकेका वस्तूचे निरनिराळे ज्ञान नसते आणि मृत्यूनंतर देह पुन्हा उठत नाही, या तीन मतांसाठी त्यांनी तत्त्वज्ञांना धर्मबाह्य ठरविले होते. अल्-गझाली हे विद्वान होते, साधुवृत्तीचेही होते. म्हणून त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. ग्रीकांची पुस्तके वाचणारा मनुष्य श्रद्धा गमावून बसतो, अशी समजूत लोकांत दृढ झाली.

या समजुतीला इब्न रुश्द यांनी इ. स. ११७९ च्या सुमारास ‘फस्ल-उल्-मकाल’ या छोटेखानी पुस्तकात उत्तर दिले. त्यांची पद्धत न्यायाधीशाचीच होती. तत्त्वज्ञानाचा अभ्यास धर्माने मना केला आहे, मोकळा ठेवला आहे, की कर्तव्य म्हणून सांगितला आहे, असा प्रश्न त्यांनी स्वतःपुढे ठेवला आणि साक्षीला स्वतः कुराणालाच बोलाविले. सृष्टीकडे पाहा, आकाश आणि पृथ्वी यांच्या रचनेचे चिंतन करा, डोळस माणसांनी बोध घ्यावा, अशा आशयाचे आदेश त्या ग्रंथात ठिकठिकाणी आहेत. बोध घेणे यासाठी तेथे जो अरबी शब्द येतो, त्याच्या मुळाशी ओलांडून पलीकडे जाणे हा अर्थ आहे. इब्न रुश्द म्हणतात की, ज्ञात वस्तूवरून अज्ञात वस्तूकडे जाणे, यालाच तर अनुमान म्हणतात. धुरावरून अग्नी ओळखावा, असे आपले नैयायिक सांगत, तसाच हा प्रकार. धर्मशास्त्री अनुमान करीतच होते. मद्य निषिद्ध आहे, कारण त्याने बुद्धी झिंगते; म्हणून दुसरे कोणतेही मादक पेय निषिद्धच, असा निर्णय ते देत. मग आचाराचे नियम ठरविण्यासाठी जर बुद्धी चालवावयाची, तर सृष्टी आणि तिचा निर्माता यांना जाणण्यासाठी ती का चालवू नये? अशा रीतीने त्यांनी असा निष्कर्ष काढला की, ज्यांच्या अंगी पात्रता आहे त्यांना विचार करणे ही केवळ सवलत नाही; ते त्यांचे धर्मकर्तव्य आहे.

यावर कोणी म्हणेल की, तर्कशास्त्र तर परधर्मीय ग्रीकांनी रचले. इब्न रुश्द यांचे उत्तर सरळ होते. कुर्बानीची सुरी चांगली आहे की नाही एवढेच पाहतात. ती कोणत्या धर्माच्या माणसाची होती, याने कुर्बानीला बाध येत नाही. तर्क हेही एक साधनच आहे. पूर्वीच्या लोकांनी सांगितलेले खरे असेल ते कृतज्ञतेने घ्यावे, आणि चुकीचे असेल तेथे सावध होऊन त्यांना क्षमा करावी. तत्त्वज्ञान वाचून काही माणसे बिघडली, म्हणून सर्वांनाच ते बंद करणे योग्य नव्हे. पाणी पिताना एखाद्याला ठसका लागून मरण आले, म्हणून तहानेल्या माणसाला पाणी नाकारण्यासारखेच ते होय.

मग बुद्धीने सिद्ध झालेली गोष्ट आणि ग्रंथातील वचन यांत विरोध दिसला तर काय करावे? सत्य हे सत्याच्या विरुद्ध असू शकत नाही, अशी इब्न रुश्द यांची दृढ श्रद्धा होती. विरोध दिसतो तेथे वचन खोटे नसते, आपला अर्थ अपुरा असतो. कुराणात ईश्वराच्या हाताचा उल्लेख आहे, त्याच्या सिंहासनाचाही आहे. अमक्याच्या डोक्यावर वडीलधाऱ्यांचा हात आहे असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी डोक्यावर हात शोधीत नाही. आधार हा अर्थ समजून घेतो. अशा आशयशोधनाला अरबीत तावील म्हणतात. इब्न रुश्द यांनी तावीलीला मर्यादाही घालून दिल्या. अर्थ लावताना अरबी भाषेची रूढी सोडता कामा नये. शिवाय ईश्वराचे अस्तित्व, पैगंबरांचे प्रेषितत्व आणि परलोकीचे सुखदुःख ही मूळ तत्त्वे कोणालाही उडवून लावता येणार नाहीत. बुद्धीला त्यांनी मोकाट सोडले नाही. तिला शिस्त लावली.

जगाच्या उत्पत्तीचा प्रश्नही त्यांनी याच रीतीने सोडविला. सृष्टीपूर्वी ईश्वराचे सिंहासन पाण्यावर होते, आणि आकाश आरंभी धूररूप होते, असे उल्लेख कुराणात आहेत. शून्यातून जग झाले असे त्या वचनांत स्पष्टपणे सांगितलेले नाही. तेव्हा शून्यातून उत्पत्ती मानणारे पंडितही वचनांचा अर्थ लावतच आहेत. मग निराळा अर्थ लावणाऱ्यांना त्यांनी धर्मबाह्य कसे ठरवावे? ईश्वरी ज्ञानाविषयीही त्यांचा युक्तिवाद मार्मिक होता. आपले ज्ञान वस्तूपासून उपजते. झाड पाहिल्यावर आपल्याला झाड कळते. ईश्वराच्या ज्ञानापासून मात्र वस्तू उपजतात. जे इतके भिन्न, त्याला मनुष्याच्या ज्ञानाचे माप लावणे हीच चूक आहे.

अल्-गझालींच्या मूळ ग्रंथाला त्यांनी ‘तहाफुत-उत्-तहाफुत’ या मोठ्या ग्रंथाने उत्तर दिले. कापूस विस्तवाने जळतो असे आपण म्हणतो. परंतु विस्तव हे जळण्याचे कारण आहे असे सिद्ध होत नाही, ईश्वरच तो जाळतो, असे अल्-गझालींचे म्हणणे होते. इब्न रुश्द यांनी दाखवून दिले की, कार्यकारणभाव नाकारला तर ज्ञानाचा पायाच ढासळतो. सृष्टीत नियम नसेल, तर तिच्यात शहाणपणही दिसणार नाही, आणि मग त्या शहाणपणावरून निर्मात्यापर्यंत पोचण्याची वाटच उरणार नाही. ते स्वतः वैद्य होते. देहातील एकेका अवयवाचा उपयोग जाणणाऱ्याला ईश्वराची योजना अधिक स्पष्ट दिसते, असे त्यांना वाटे.

तथापि एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. गूढ अर्थाची चर्चा सामान्य लोकांपुढे करू नये, असे इब्न रुश्द यांचे मत होते. लोकांना शहाणपणाने, सदुपदेशाने आणि सौम्य वादाने बोलवावे, या कुराणातील आदेशात त्यांना तीन प्रकारच्या माणसांसाठी तीन मार्ग दिसले. थोड्यांना सिद्ध प्रमाण पटते, काहींना वादविवाद, आणि बहुतेकांना उपदेश. अर्धवट चर्चेने माणसांची श्रद्धा मोडते आणि तिच्या जागी ज्ञानही येत नाही, अशी त्यांना भीती होती. आज शिक्षण सर्वांसाठी खुले आहे. म्हणून हे मत आपल्याला संकुचित वाटेल. पण ज्यांना ते या चर्चेबाहेर ठेवू पाहत होते, त्यांच्याच हातून पुढे त्यांना दुःख भोगावे लागले, हा दैवाचा खेळ पाहून मन विषण्ण होते.

इ. स. ११८४ मध्ये खलिफा अबू याकूब मृत्यू पावले आणि त्यांचे पुत्र याकूब अल्-मन्सूर गादीवर आले. प्रारंभी त्यांनीही इब्न रुश्द यांचा मान राखला. परंतु इ. स. ११९५ मध्ये वारे फिरले. कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाशी युद्ध जुंपलेले होते. अशा वेळी कर्मठ धर्मशास्त्री आणि सामान्य प्रजा आपल्या बाजूस असावी, म्हणून खलिफांनी तत्त्वज्ञांना दूर केले, असे अनेक इतिहासकार मानतात. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम सुटला. वैद्यक, गणित आणि नमाजाची वेळ व दिशा ठरविण्यापुरते ज्योतिष एवढेच वगळण्यात आले. ज्यांच्या न्यायासनापुढे कॉर्डोबा नगरी मान लववीत असे, त्या सत्तरीला टेकलेल्या वृद्धास नगराबाहेर लुसेना नावाच्या लहान गावी हद्दपार करण्यात आले.

ग्रंथ जळाले, पद गेले, घर सुटले. परंतु इब्न रुश्द यांना सर्वांत जिव्हारी लागली ती गोष्ट निराळीच होती. एके दिवशी तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजासाठी ते आपल्या मुलासह कॉर्डोबातील एका मशिदीत गेले. तोच काही अडाणी लोक उठले आणि त्यांनी त्या पितापुत्रांना बाहेर घालवून दिले. ज्यांनी जन्मभर कुराणाचा अर्थ शोधला, ज्यांचे आजोबा त्याच नगरात इमाम होते, त्यांना तेथे नमाजालाही उभे राहता येऊ नये! आपल्यावरील संकटात याहून कठीण प्रसंग दुसरा आला नाही, असे ते सांगत. तत्त्वज्ञान त्यांनी धर्माला पर्याय म्हणून कधीच जवळ केले नव्हते. म्हणूनच हा घाव इतका खोल गेला. तरीही आपली मते त्यांनी मागे घेतल्याची नोंद कोठेही नाही.

काही काळाने खलिफांचा राग निवळला. त्यांनी इब्न रुश्द यांना सन्मानाने मराकेशला बोलावून घेतले. पण आता आयुष्याचा दिवा विझत आला होता. इ. स. ११९८ च्या डिसेंबर महिन्यात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी तेथे देह ठेवला. तीन महिन्यांनी त्यांचे शव कॉर्डोबास नेऊन पूर्वजांच्या शेजारी पुरण्यात आले. त्या प्रसंगी इब्न अरबी हे प्रसिद्ध सूफी साधक उपस्थित होते. त्यांनी एक दृश्य लिहून ठेवले आहे. ओझ्याच्या जनावराच्या पाठीवर एका बाजूस शवपेटी बांधली होती, आणि तोल साधावा म्हणून दुसऱ्या बाजूस इब्न रुश्द यांनी लिहिलेले ग्रंथ बांधले होते. एका माणसाचा देह एकीकडे आणि त्याची विचारसंपदा दुसरीकडे; दोन्ही बाजू समतोल!

देह मातीला मिळाला; ग्रंथांचा प्रवास मात्र पुढे चालू राहिला. ज्यू पंडितांनी ते हिब्रूत नेले, मायकेल स्कॉट प्रभृतींनी लॅटिनमध्ये आणले. त्यांतील कित्येकांच्या मूळ अरबी प्रती नाहीशा झाल्या असून आज ते या भाषांतरांतूनच वाचावे लागतात. युरोपात अव्हेरोएस या नावाने इब्न रुश्द यांची कीर्ती पसरली. ख्रिस्ती आचार्य थॉमस अक्वायनस यांनी त्यांच्या काही मतांचे कडाडून खंडन केले. तरी त्यांचा उल्लेख ते केवळ भाष्यकार एवढ्याच शब्दाने करीत. जणू जगात दुसरा भाष्यकारच नव्हता! इटालियन कवी दान्ते याने आपल्या महाकाव्यात त्यांना ॲरिस्टॉटल, प्लेटो यांच्या मेळ्यात स्थान दिले.

श्रद्धा आणि बुद्धी या एकमेकींच्या वैरिणी आहेत, असे मानणारी माणसे तेव्हाही होती आणि आजही आहेत. कोणी श्रद्धेसाठी बुद्धीला हाकलून देतो, कोणी बुद्धीसाठी श्रद्धेची टर उडवितो. इब्न रुश्द यांनी दोन्ही मार्ग नाकारले. पवित्र ग्रंथ हा त्यांना इतका पूज्य होता की, विचार न करता तो वाचणे त्यांना त्याचा अनादर वाटे. ज्या मशिदीत त्यांचे आजोबा इमाम होते, तेथील स्तंभांच्या रांगा आजही कॉर्डोबात उभ्या आहेत, इ. स. १२३६ पासून ती वास्तू ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झाली आहे. राज्ये गेली, धर्मस्थानांचे धनी बदलले. परंतु डोळस होऊन बोध घ्या, या एका आदेशासाठी ज्या काझींनी मानापमानाची पर्वा केली नाही, त्यांचे नाव आठशे वर्षांनंतरही पुसले गेलेले नाही.